आजा वजा गाव

१९ मे

ही डायरी २०१९ची आहे. रद्दीच्या ढिगात सापडली, पूर्ण कोरी. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या टाकून राह्यलो. माझ्या कामावरची समता ताई म्हणे, "टायपिंग शिकायचं म्हणतोस ना, मग आधी हातानं लिहायची सवय कर. नववीत शाळा सोडली तेव्हापासून पेन धरला होता का रे?" नाही धरला. म्हणून हे.

मी संघर्ष भाऊराव तायडे, वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलडाणा. सध्या मुक्काम भोसरी, पुणे. हे चौथं काम. पहिल्या कामावर पाच महिने टिकलो, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर अकरा दिवस. एका जागी राह्यलो की माझे पाय वळवळतात. बाबा म्हणतात, याच्या तळपायाले भिंगरी आहे.

इथं सरकारी कचेऱ्यांची जुनी पुस्तकं डब्यांत भरून येतात. आम्ही टाचण्या काढतो, धूळ झटकतो, पानं स्कॅन करतो. मग समता ताई अन् बाकीच्या मुली वाचून टाइप करतात. माझं काम डबे उचलायचं.

आज आपल्याच जिल्ह्याचे बावीस डबे आले. पाटीवर साखळी, धाड, देऊळघाट अशी नावं पाहून बरं वाटलं. दहा मिनिटं. मग "देऊळघाट ३" लिहिलेला डबा हातातून सुटला अन् थेट उजव्या पायाच्या अंगठ्यावर. इंद्रभान साहेब धावत आले. हे आमचे सुपरवायझर, यांना हसताना कोणी पाहिलं नाही. त्यांनी आधी डबा पाहिला, मग मले. म्हणे, "हे कागद ऐंशी वर्षांचे आहेत. तुझा अंगठा बावीस वर्षांचा. तो भरून येईल."

असा माणूस. एक तारखेले हे काम सोडतो.

२३ मे

अंगठ्याचं नख काळं पडलं. बूट घालता येत नाही, म्हणून आज डबे नाही, समता ताईजवळ बसून टाचण्या काढल्या. ती मेहकरची, म्हणून माझं बोलणं तिले गोड लागते. बाकीच्या मुली मी "मले, तुले" म्हटलं की हसतात. ताईले सहावा महिना सरत आला आहे. जून संपला की ती सुट्टीवर जाईल. चांगलं माणूस भेटलं की जातेच.

आज तिनं सर्च शिकवलं. मले वाटे सर्चमधी आपण मोबाईलवर करतो तसं काहीबी लिहायचं. हे तसं नाही. याले बोलायची रीत आहे. नुसतं दोन शब्द टाकले तर ज्या पानावर ते कुठंबी असतील ती सगळी पानं येतात, हजारांनी. पण शब्दांच्या दोन्ही बाजूंनी ती दोन-दोन बारीक चिन्हं दिली, मी त्याले शिंगं म्हणतो, तर ते शब्द जसे लिहिले तसेच लागून पाहिजेत. वजा लावला की ते नको. शेवटी चांदणी लावली की पुढचं काहीबी चालते. अन् दोन टिंबं दिली की कोणत्या रकान्यात पाहायचं ते सांगता येते. गाव:धाड म्हटलं की फक्त धाडचं पुस्तक.

शेवटी एक सापासारखं वळवळतं चिन्ह आहे. शिंगांच्या मागं साप अन् आकडा लावला, तर तेवढ्या शब्दांच्या अंतरात दोघं जवळजवळ असले तरी चालते.

मी म्हटलं, "ताई, हा साप मले आवडला."

"काऊन?" ती मुद्दाम माझ्यासारखं बोलते.

"बाकीचे सगळे कडक आहेत. याले थोडी माया आहे."

ती पोट धरून हसली. मग म्हणे, हसवू नको, आतून लाथ बसते.

३० मे

आज मजा झाली. जेवणाच्या सुट्टीत ताईच्या मशीनवर खेळ म्हणून शिंगांत "३१ फेब्रुवारी" टाकलं. सहा नोंदी आल्या! मग "३० फेब्रुवारी". अकरा! सतरा माणसं अशा दिवशी जन्मली नाही तर मेली, जो दिवस कधी उगवलाच नाही. टाइप करताना महिना चुकला होता.

तेवढ्यात मागं इंद्रभान साहेब. मी उठून उभा. ते पडद्याकडं पाहत राह्यले.

"हे शोधायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही साहेब. फेब्रुवारीले एकतीस नसते, एवढं नववीपर्यंत शिकवतात."

त्यांनी तिथंच वाकून माउस धरला. सतरा नोंदी दुरुस्तीले पाठवल्या. जाताना म्हणे, "डब्याला हात धुऊनच लावत जा." म्हणजे रागावलेच असतील. मले मात्र दिवसभर आतून गुदगुल्या होत राह्यल्या. आजवर कोण्या कामात असं झालं नव्हतं.

एक तारखेले सोडायचं होतं. जाऊ दे, पंधराले सोडतो.

३ जून

धम्मशीलेचा फोन. माझी लहान बहीण, बारावीले ब्याऐंशी टक्के. नर्सिंगला तिचा नंबर लागायचा आहे, अन् त्याले जात वैधता प्रमाणपत्र लागते. समितीचं पत्र आलं. आमच्याकडं पन्नास सालच्या ऑगस्टच्या दहा तारखेच्या आधीचा, आपल्या घरच्या कोणाचा तरी जातीची नोंद असलेला कागद पाहिजे. चार जुलैपर्यंत द्या, नाही तर अर्ज निकाली.

घरात असं प्रमाणपत्र काढणारी ती पहिलीच. आमच्यात तिच्या आधी त्या दाराशी कोणी गेलंच नव्हतं.

"दादा, आपल्याकडं कागदच नाही. आजा शाळेत गेला नाही, पणजा गेला नाही. वडनेरच्या कोतवाल बुकात बाबांनी शोधायला लावलं. ते म्हणाले नाव सापडत नाही."

कोतवाल बुक म्हणजे गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते लिहायचं जुनं पुस्तक. तेच, जे मी रोज खांद्यावर वाहतो.

"तू रडून राह्यली का वं?"

"नाही."

रडत होती. मी गोडाऊनच्या दारात उभा राहून मोठ्यानं बोललो, "थांब, मी काढतो! नांदुऱ्याची पुस्तकं बी इथंच आहेत. आजाले मी काढतो!" मागं वळून पाहतो तर इंद्रभान साहेब चहा घेऊन उभे. ऐकलं असंन तर काय म्हणतील.

४ जून

एक अडचण. ताईच्या मशीनवर फक्त तिनं टाइप केलेलं दिसते. पूर्ण जिल्ह्यात शोधता येते ते फक्त इंद्रभान साहेबांच्या मशीनवर. अन् तिथं कोण बसू देईल.

पण आज नशीब. साहेब जेवायले गेले अन् मशीन तशीच चालू ठेवून गेले, सर्च उघडं. इतके कडक माणूस अन् विसराळू किती! मी ताईले म्हटलं, बसू का? ती म्हणे, "बस. फोटो काढायचा नाही, छापायचं नाही. पाहण्याला काय."

टाकलं: गाव:वडनेर तायडे. शून्य. एक बी नाही.

ताई म्हणे, "अरे, त्या काळी आडनाव कोण लिहीत होतं? माणसाचं नाव, बापाचं नाव, जात. झालं."

म्हणजे आडनावच काढून टाकायचं. बरं.

५ जून

साहेब आज बी विसरले. टेबलावर एक कागद बी राह्यला होता. मोठ्या अक्षरात सर्चची सगळी चिन्हं छापलेली, समोर त्यांचा अर्थ. शिंगं, वजा, चांदणी, साप, सगळं. कोण्या नवीन ऑपरेटरसाठी काढलं असंन. मी पाहून पाहून वापरला अन् जसा होता तसा ठेवला.

गाव:वडनेर गोविंदा. गोविंदा माझा आजा. एकसष्ट गोविंदा आले! पण ते सगळे कोणाचे ना कोणाचे बाप, नाही तर मेलेले. पुंजाजीचा पोरगा गोविंदा कुठंच नाही. पुंजाजी म्हणजे पणजा.

आजाचं खामगावच्या जिनिंगमधलं कामगार कार्ड घरी आहे. त्यावर "गोविंदा पुंजाजी, जन्म १९४३" एवढं आहे, जात नाही. म्हणजे त्रेचाळीस साली तो जन्मला तर खरा. पुस्तकात काऊन नाही?

१२ जून

आठवडाभर गोविंदाच्या मागं पळलो. आज समता ताई चिडली. "तू जन्माची नोंद शोधतोस ना? मग मला सांग, जन्मल्या दिवशी पोराचं नाव असतं का? कोतवाल दोन दिवसांत खबर देणार, नाव बाराव्याला. पुस्तकात नुसतं 'मुलगा' लिहितात."

मी डोक्यावर हात मारला. हजार पानं मीच झटकली आहेत. मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी. कोणाचंच नाव नाही. मी आजाले हाक मारत होतो, अन् तेव्हा त्याले नावच नव्हतं!

तर सर्चमधून आजाचं नाव काढून टाकलं. बाप:पुंजाजी, गाव:वडनेर. अन् पुढं जात:. इथं हात थांबला.

आजानं छप्पन साली, तेराव्या वर्षी, बापाच्या संगं दीक्षा घेतली अन् तो शब्द अंगावरून काढून फेकला. आमच्या घरात तो कोणी म्हणत नाही. अन् मी तोच टाइप करायले बसलो. ताईनं पाहिलं. तिच्या घरचं बी तेच आहे.

"टाक," ती म्हणे. "त्यांनी तो फेकून दिला म्हणून आपण या खुर्चीत बसलो. आता त्या शब्दाकडून आपलं एक काम करून घे."

टाकला. महार. एंटर.

एक नोंद आली! माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की चहावाला आत आला. पुंजाजी, महार, राहणार वडनेर. मुलगी. सन १९५२.

बावन्न. पाहिजे पन्नासच्या आधीचं.

ती मुलगी म्हणजे आजाची लहान बहीण, कोकिळा आजी. खामगावले राहते, त्र्याहत्तर वर्षांची. तिले फोन लावला.

"आजी, तू सापडली!"

"मी कुठं हरवली होती रे बापू?"

सगळं समजावून सांगलं. तिनं बावन्न साल दोनदा विचारून घेतलं. मग म्हणे, "दोन वर्षं उशीर केला म्हणून मलेच बोलून राह्यला का तू? मायले विचार. मी तर बोलावलं तेव्हा आली."

हसून हसून डोळ्यात पाणी आलं. पण धम्मीले काय सांगू? बावीस दिवस राह्यले.

२० जून

वडनेरचं पूर्ण पुस्तक, चाळीस ते पन्नास, पालथं घातलं. आणखी तीन पुंजाजी. एक कुणबी, एक माळी, एक एकेचाळीस साली वारला. आमचा पुंजाजी बावन्न सालीच एकदा दिसते, पोरगी झाली तेव्हा. पोरगा कधी झाला त्याचा पत्ता नाही.

बाबांचा फोन. ते मले फोन करत नाहीत, माय करते अन् ते बाजूनं बोलतात. आज स्वतः केला.

"काय झालं?"

"शोधून राह्यलो."

"राहू दे. ज्यांचं ते काम आहे त्यांना नाही सापडलं. तू नववीत दप्तर फेकून देल्लं, तुले कुठून सापडंन?"

मी बी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. फोन कट केला.

नंतर बॅग भरली. खरंच भरली. चाकणले एक पोट्टा आहे ओळखीचा, तथी काम आहे म्हणे. कपडे भरून झाले, चार्जर घातला. मग ही डायरी घालताना फेब्रुवारीवाले ते सतरा जण आठवले. त्यांना मी काढलं होतं ना? कोणी नव्हतं सांगितलं.

बॅग रिकामी केली. चार जुलैनंतर पाहू.

२४ जून

साहेब रोज विसरतात. आज तर जेवायले जाताना म्हणे, "मी पाऊण तास येणार नाही." कोणी विचारलं बी नव्हतं.

काहीच सापडलं नाही. अंगठ्याचं काळं नख हलायले लागलं.

२७ जून

आज अक्षर पाहू नये कोणी.

आज समता ताईचा शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून समोसे आणले, ताईले हिरवी साडी दिली. नवरा तिचा इथंच पिंपरीत कामाले आहे. एक पोरगी म्हणे, "मेहकर किती लांब! इथं एवढे दवाखाने सोडून तिकडं कशाला जातेस?"

ताई म्हणे, "पहिलं आहे ना. पहिलं बाळंतपण माहेरी."

समोसा हातात तसाच राह्यला.

पहिलं बाळंतपण माहेरी! माय बी मले जन्म द्यायले तिच्या माहेरी गेलती. धम्मी दुसरी, ती वडनेरले झाली. कोकिळा आजी दुसरी, ती बी वडनेरले झाली. अन् आजा? आजा पहिला! तो वडनेरले जन्मलाच नसंन! ज्या गावात पोरगं जन्मते त्या गावच्या पुस्तकात नोंद. अन् मी महिनाभर गाव:वडनेर लावून त्याले दाराबाहेर उभा करून ठेवला!

ताईच्या हातातून ओटीचा नारळ खाली पाडून मी बाहेर पळालो. आजीले फोन.

"आजी, तुह्या मायचं माहेर कोणतं?"

"आता हे काऊन?"

"सांग ना वं लवकर!"

"देऊळघाट. बुलडाण्याजवळचं. माह्या मायचा बाप तथी कोतवाल होता. लय रुबाब होता त्याचा, पुस्तक पाटलाचं अन् काठी याची."

देऊळघाट. मी पायाकडं पाहिलं.

आत आलो. समोसे खाणारे सगळे माझ्याकडं पाहत होते. इंद्रभान साहेब आपल्या खुर्चीत बसले होते. आज जेवायले गेलेच नव्हते. मी त्यांच्यासमोर उभा राह्यलो अन् मशीनकडं बोट दाखवलं. ते उठले. खुर्ची मागं सरकवली. म्हणे, "बस."

त्यांच्यासमोर बसलो. छापलेला कागद लागला नाही. शिंगांत पुंजाजी अन् वडनेर. मागं साप, सहाचा आकडा, कारण नाव अन् राहायचं गाव नोंदीत लागूनच असते, पण मधात बापाचं नाव, जात येते. अन् शेवटी वजा गाव:वडनेर. म्हणजे: वडनेरचा पुंजाजी दाखव, पण वडनेरच्या पुस्तकातला नको.

एंटर.

एक.

देऊळघाट. डबा तिसरा. पान एकशे सतरा. ता. ९ माहे नोव्हेंबर सन १९४३. पुंजाजी वल्द रामजी, महार, रा. वडनेर. मुलगा. खबर देणार: कोतवाल, बाळंतिणीचा बाप.

म्हणजे नातू झाला तेव्हा पणजीच्या बापानं स्वतः जाऊन नोंद केली. जन्म नऊ तारखेचा, खबर नऊ तारखेची. त्या पानावरच्या बाकी सगळ्या खबरा तीन-चार दिवसांनी आहेत. तो त्याच दिवशी गेला. धावतच गेला असंन.

ताईनं मागून वाचलं अन् रडायले लागली. सगळ्या मुली रडायले लागल्या, ज्यांना काही माहीत नव्हतं त्या बी. मी नाही रडलो. मी टेबलावर चढलो होतो, असं नंतर कळलं.

साहेब म्हणे, "खाली उतर. मशीन आहे ती." मग हळूच, "अंगठा दाखव." दाखवला. काळं नख अर्धं निघालं होतं, खालून नवं. ते म्हणे, "म्हटलं होतं, भरून येईल."

अन् हसले! मी पाहिलं. ताईनं बी पाहिलं.

२८ जून

साहेबांनी सगळं रीतसर सांगितलं. इथून कागद नेता येत नाही. पण पुस्तक सरकारी आहे, कोणीबी तहसीलला अर्ज करून नक्कल मागू शकते. फक्त गाव, साल अन् पान सांगता आलं पाहिजे. ते त्यांनी त्यांच्या अक्षरात मले लिहून दिलं.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही रोज मशीन चालू ठेवून जायचे, त्याचा लय उपयोग झाला. पण असं विसरत जाऊ नका, कोणी गैरफायदा घेईल."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणे, "बरं. लक्षात ठेवतो."

ताई मागं तोंडावर पदर धरून का हसत होती, कळलं नाही.

२ जुलै

परवा बाबा अन् धम्मी पायटी अंधारातच नांदुऱ्याहून निघाले, मोताळ्यावरून, घाट चढून बुलडाण्याले. अर्ज देल्ला. आज नक्कल हातात! धम्मीनं सगळं सांगलं.

खिडकीवरच्या बाई म्हणे, "पान नंबरसकट? हे कोणी काढलं तुम्हाला?"

बाबा म्हणे, "पोरानं. पुण्याले असते. कॉम्प्युटरवर."

"इंजिनिअर आहे का?"

धम्मी म्हणते, बाबा म्हणे, "नाही. पण त्याले शोधता येते."

नंतर फोन बाबांकडं गेला. बसस्टँडचा गोंगाट ऐकू येत होता, नांदुरा नांदुरा ओरडत होते. शेवटी म्हणे, "जेवला का?"

"हाव."

"अंगठा कसा आहे?"

त्यांना कोणी सांगलं?

२१ ऑगस्ट

भेटलं! धम्मशीला भाऊराव तायडे, वैध! चौकशीवाले घरी येऊन गेले होते, कोकिळा आजीले बी विचारलं. तिनं त्यांना तासभर सोडलं नाही, आपण उशिरा का जन्मलो ते बी सांगलं. आजाचं जिनिंगचं कार्ड, आजीची बावन्नची नोंद, अन् सगळ्यात वर देऊळघाटचं पान एकशे सतरा. धम्मीनं प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. मी तो इथं सगळ्यांना दाखवला, चहावाल्याले बी. तो म्हणे, काय लिहिलं आहे? मी म्हटलं, माह्या आजाचा पत्ता लागला.

गावातून आतापर्यंत नऊ घरांचे फोन आले. आमचा बी आजा काढून दे म्हणतात. मी सगळ्यांना आधी एकच विचारतो: तो पहिला होता का? अन् त्याच्या मायचं माहेर कोणतं? मग त्यांना सांगतो कोण्या तहसीलले जायचं अन् अर्जात काय मागायचं. चार घरांचं काम झालं बी.

एक तारखेपासून मी डबे उचलायचे नाही. तपासणीच्या टेबलावर बसायचं, सर्च करायचं. साहेबांनीच नाव देल्लं. खुर्ची फिरते. पाय वळवळले की एक चक्कर मारीन अन् परत समोर.

२४ ऑगस्ट

समता ताईले मुलगी झाली. मेहकरले, पहाटे. फोटो आला, मुठी आवळलेल्या, कपाळाले आठी, थेट इंद्रभान साहेबांसारखी. मी विचारलं नाव काय? ताईनं लिहिलं, "अजून ठेवलं नाही."

रविवार असून मी लय वेळ त्या फोटोकडं पाहत बसलो. ही पोरगी पुण्याची. इथंच वाढेल, इथंच शाळेत जाईल. पण नोंद मेहकरात. अन् त्या नोंदीत आज तिचं नाव नाही.

ऐंशी वर्षांनी हिच्या नातवाले हिचा शोध घ्यावा लागला तर? म्हणून इथं लिहून ठेवतो. छापलेली तारीख खोडली आहे, खरी वर आहे.

बापू, नाव टाकू नको. पुणे वजा कर. तिच्या मायचं माहेर शोध.